फ्लेक्सवरचा बर्फ

चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीत चार विंगा आणि एकशे शहाण्णव फ्लॅट आहेत. मी तिचा सचिव आहे, म्हणजे वार्षिक सभेत ज्याला वेळेवर नाही म्हणता आलं नाही तो. चाकणच्या एका कंपनीत मी मोजमापाची साधनं तपासतो. एखादं साधन खरं मोजतंय की नाही ते बघायचं, नोंद करायची, शिक्का मारायचा. सव्वीस वर्षं हेच काम केल्यामुळे असेल, पण सोसायटीची सभासद नोंदवही ताब्यात आली तेव्हा तीही मी तशीच पानापानाने तपासली. ए विंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्या एका पानावर, कुटुंबातल्या वयाने मोठ्या बाईंच्या नावापुढे, व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: कुटुंब निवृत्तिवेतन, सैन्य.

त्या बाईंना आम्ही सगळे मावशी म्हणतो. वय साठीच्या थोडं पुढे. गाव राजगुरुनगरच्या पलीकडे, मुलगा माणच्या आयटी कंपनीत, सून घरूनच काम करते. रोज संध्याकाळी मावशी गेटजवळच्या बाकावर बसून मेथी नाहीतर शेंगा निवडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवलात का विचारतात. सहा वर्षांत मी त्यांच्याशी शेकडो वेळा बोललो असेन. त्यांचे यजमान सैन्यात होते हे मला नोंदवहीने सांगितलं.

गेल्या वर्षी सीमेवर चकमकी झाल्या त्या आठवड्यात आमचा व्हॉट्सॲप ग्रुप दिवसरात्र वाजत होता. एरवी पार्किंगवरून भांडणारे लोक एकमेकांना जयहिंद लिहीत होते. निम्म्याहून जास्त सभासदांनी आपल्या फोटोच्या जागी तिरंगा लावला. मीही लावला. पुढे दोन-तीन महिन्यांत ते तिरंगे एकेक करत उतरले आणि त्या जागी पुन्हा नातवंडं आली. पण अध्यक्षांच्या डोक्यात तो उत्साह राहिला होता. बांधकामाच्या मालाचा त्यांचा धंदा आहे, माणूस उमदा, आणि पुढच्या निवडणुकीत वॉर्डातून उभं राहायचं त्यांच्या मनात आहे हे ते लपवत नाहीत. जानेवारीच्या सभेत ते म्हणाले, "या सव्वीस जानेवारीला एखाद्या वीरपत्नीचा सत्कार करू. आपल्यात कुणी आहे का, राव?"

मी नोंदवहीतलं पान सांगितलं. सगळ्यांना आनंद झाला. माहिती आणायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मावशींकडे गेलो तेव्हा त्या एकट्या होत्या. सून आतल्या खोलीत मीटिंगमध्ये. मी सत्काराचं सांगितलं. त्यांनी हातातली परात बाजूला ठेवली.

"कशाला हो भाऊ? इतकी वर्सं झाली."

"लोकांची इच्छा आहे, मावशी."

"लोकांना कुठं माहीत हाय? तुमाला तरी काल माहीत व्हतं का?"

कागद काढून मी नाव, हुद्दा, सैनिक क्रमांक विचारायला लागलो. 'वीरमरणाचं ठिकाण' या ओळीशी आल्यावर त्या म्हणाल्या, "श्रीलंका."

मी पेन थांबवलं. मला आठवलं, म्हणजे शाळेत असताना ऐकलेलं आठवलं. आपली शांतिसेना तिकडे गेली होती. दोन-अडीच वर्षं होती. मावशींचे यजमान तिथे गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी, जाफन्याजवळ, गस्तीवर असताना स्फोटात गेले. मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता आणि मावशी तेवीस वर्षांच्या.

"तार आली," त्या म्हणाल्या. "पोस्टमननं वाचून दावली. मंग दोन महिन्यांनी एक ट्रंक आली आनि एक कलश. माणूस न्हाई आला. तवा माणूस आनीत नव्हते म्हनं. तिकडंच जाळलं. सासूबाईंनी कलशाला हात लावला न्हाई. म्हनाल्या, राख कुनाचीबी असंल. माजा पोरगा जित्ता हाय."

त्यानंतर सासूबाईंनी मावशींना कुंकू पुसू दिलं नाही. हिरव्या बांगड्या काढू दिल्या नाहीत. दहावा-तेरावा काही केला नाही. सरकारच्या कागदावर मावशी विधवा होत्या आणि घरात सवाष्ण. पहिलं वर्षभर गावातल्या लोकांनी हळहळ केली. मग लोक विचारायला लागले की तिकडं आपलं काय काम होतं. मग कुणीतरी म्हणालं, बॉम्बगोळ्याचं काय खरं, पळून गेला असंल. तिकडंच दुसरं घर केलं असंल. हळदीकुंकवाला बायका त्यांच्याकडे बघून एकमेकींना कोपर मारायच्या.

"अकरा वर्सं असं चाललं. मंग कारगिल झालं. आमच्या शेजारच्या गावात एक पोरगा आला, तिरंग्यात गुंडाळून. मोठी गाडी, फुलं, बंदुका. हज्जारो मान्सं. आमी बी गेलतो बघाया. सासूबाई पेटीजवळ गेल्या, हात लावून बघितला. घरी आल्या आनि मला म्हनाल्या, पूस आता."

आतून सुनेचा इंग्रजीतला आवाज येत होता.

"सत्कार-बित्कार तुमचं तुमी बघा. शाल द्या, नका देऊ. पन एकच करा, भाऊ. कुठं गेलं आनि कसं गेलं ते खरं लिवा. चारचौघांत एकदा खरं सांगा. गावात कुनी सांगितलं न्हाई."

मी म्हणालो, सांगतो. असा शब्द मी सहसा देत नाही.

घरी येऊन मी बराच वेळ विचार करत होतो की त्या काळात आम्ही काय करत होतो. माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात मशीनवर होते. आम्ही कामगार वसाहतीत राहायचो. संध्याकाळी सातच्या बातम्या वडील रेडिओला कान लावून ऐकायचे. इतके जवान मृत्युमुखी पडले, असं त्यात यायचं, हे मला आठवतं. पण त्यावर कुणी काही बोललेलं आठवत नाही. वसाहतीतली माणसं दगडाच्या काळजाची नव्हती. कारखान्यात कुणाचा हात मशीनमध्ये गेला तर सबंध चाळ दवाखान्यासमोर उभी राहायची. पण श्रीलंकेतल्या त्या माणसांना चेहरा नव्हता आणि त्यांची पेटी कुणाच्या दारात उतरली नव्हती. वडील बातम्या संपल्या की बटण फिरवायचे. मी अभ्यासाला बसायचो.

कारगिलच्या वेळी मात्र मी कंपनीत नवा होतो आणि रक्तदानाच्या रांगेत दोन तास उभा होतो. रांगेत उभं राहून रडणारी माणसं मी तिथे पाहिली. तेव्हा टीव्ही आला होता आणि पेट्या घरी येत होत्या. आपलं दुःख किती मोठं असावं हे मरणारा ठरवत नाही, असं तेव्हा वाटलं नव्हतं. आता वाटतं.

मी दुसरी एक गोष्ट केली, जी सवयीने केली. नकाशावर अंतरं मोजली. आमच्या सोसायटीपासून जाफना सरळ रेषेत साधारण बाराशे किलोमीटर आहे. दिल्लीही जवळजवळ तेवढीच. कारगिल अठराशेच्या आसपास. म्हणजे ज्याला आपण परकी भूमी म्हणतो ती आपल्याला आपल्या सीमेपेक्षा सहाशे किलोमीटरनी जवळ आहे. मध्ये अरुंद जागी तीस-पस्तीस किलोमीटरचं पाणी, एवढंच. मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "जवळ असून काय करता? जायचं कुणाला होतं तिथं?"

समितीत मी माहिती वाचून दाखवली. एक तरुण सभासद म्हणाला, "काका, श्रीलंकेशी आपलं युद्ध कधी झालं?"

"श्रीलंकेशी झालं नाही. श्रीलंकेत झालं."

"कुणाशी मग?"

मी माझ्या परीने सांगायचा प्रयत्न केला. आपलं सैन्य तिथल्या तमिळ लोकांच्या रक्षणाला म्हणून करार करून गेलं आणि काही आठवड्यांतच तिथल्या तमिळ बंडखोरांशीच लढायला लागलं. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की हे एका वाक्यात बसत नाही, आणि जे एका वाक्यात बसत नाही ते फ्लेक्सवरही बसत नाही.

अध्यक्षांनी खुर्ची मागे सरकवली. "सेक्रेटरी, ऐका माझं. 'सीमेवर देशाचं रक्षण करताना' असं लिहा. लोकांना लगेच समजतं. श्रीलंका म्हटलं की लोकांना क्रिकेट आठवतं, राव. आणि मग जो तो विचारत बसणार, तिकडं कशाला गेले होते. वीरपत्नीसमोर ते बरं दिसेल का?"

यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. त्यांना खरोखर मावशींचा मान राखायचा होता. पण मी शब्द दिला होता. मी म्हणालो, "ठिकाण खोटं लिहायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी लिहायला सांगा. आणि सत्काराला मावशी येणार नाहीत, हेही सांगून ठेवतो." बरीच ओढाताण झाली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बरं, लिहा तुमची श्रीलंका. पण खाली समितीचे फोटो पाहिजेत." ते मी मान्य केलं. माझाही फोटो त्यात होता.

मजकूर मी लिहिला, मावशींच्या पेन्शनच्या कागदावरून. फोटो मावशींनी दिला. वर्दीतला एकच फोटो होता, तो कागदपत्रांबरोबर गेला आणि परत आला नाही. हा लग्नानंतर राजगुरुनगरच्या स्टुडिओत काढलेला. पांढरा सदरा, तेल लावून बसवलेले केस, शेजारी नऊवारीत मावशी. त्यात तो माणूस चोवीस-पंचवीसचा असेल. माझ्या पुतण्याएवढा.

फ्लेक्सवाल्याने दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर नमुना पाठवला. मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत होतो. चित्र बोटांनी मोठं करून मजकूर अक्षर अक्षर तपासला. नाव बरोबर. हुद्दा बरोबर. सैनिक क्रमांक मी मूळ कागदाशी चार वेळा ताडून पाहिला. 'जाफना, श्रीलंका येथे शांतिसेनेत कर्तव्य बजावताना वीरमरण' हे जसं लिहिलं तसं होतं. मी लिहिलं: बरोबर आहे, छापा.

सव्वीस जानेवारी आमच्या घरात सणासारखी असते. वडील असताना ते त्या दिवशी पांढरे कपडे घालून आम्हाला संविधानाची उद्देशिका वाचायला लावायचे. तसा मीही पांढरा सदरा घालून सात वाजता खाली उतरलो. झेंड्याच्या ओट्यामागे कंपाउंडच्या भिंतीवर फ्लेक्स लागला होता. दहा फूट बाय सहा.

अर्ध्या फ्लेक्सवर बर्फाचा डोंगर होता. बर्फात पांढरे कपडे घातलेले जवान रांगत होते, वर लढाऊ विमानं. मधोमध मावशींचे यजमान. चेहरा त्यांचाच होता, त्या स्टुडिओतल्या फोटोतला, तेल लावलेल्या केसांवर मोठ्या अधिकाऱ्याची टोपी बसवलेली. मानेखाली एका धिप्पाड माणसाचं शरीर होतं, कडक इस्त्रीची वर्दी, आणि छातीवर पदकांच्या तीन रांगा. मी मोजली. अकरा पदकं.

मजकुरात एकही चूक नव्हती.

मी जागेवरून फ्लेक्सवाल्याला फोन लावला. तो झोपेत होता.

"काका, साचा तोच असतो. शहीद म्हटलं की हाच. नाव बदलायचं, मुंडकं बदलायचं."

"अहो, माणूस श्रीलंकेत गेला. तिथे बर्फ कुठला?"

"मग काय टाकू? नारळाची झाडं? लोक म्हणतील सहलीची जाहिरात आहे."

"आणि ती पदकं?"

"ती अंगाबरोबर येतात. काका, तुम्हीच ओके केलंत ना. मेसेज आहे माझ्याकडे."

मेसेज होता. कंपनीत एखादं साधन मी असं तपासलं असतं, आकडे वाचून आणि साधनाकडे न बघता, तर मला घरी बसवलं असतं.

साडेसातला मावशी आल्या. मुलगा, सून, नात बरोबर. चॉकलेटी रंगाची नवी साडी, डोक्यावर पदर. नातीने आधी पाहिलं आणि ओरडली, "आजी, आजोबा!" मावशी फ्लेक्ससमोर जाऊन उभ्या राहिल्या. मजकूर त्या वाचू शकतात, सावकाश. ओठ हलत होते. मग त्यांनी वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे अंग कुनाचं हाय?"

मी म्हणालो, "चूक झाली, मावशी. माझी चूक झाली."

"तोंड त्यांचं हाय. खालचा माणूस कोन हाय?"

मुलगा मान खाली घालून उभा होता. तोपर्यंत अध्यक्ष आले, थोड्या वेळाने पाहुणे म्हणून बोलावलेले एक पुढारीही येणार होते. अध्यक्षांना काय झालं ते समजायला वेळ लागला. "मावशी, छान तर दिसतायत! अगदी रुबाबदार!"

"दिसत्यात. पन ते न्हाईत." मावशींचा आवाज चढला नव्हता. "माज्या सासूनं अकरा वर्सं राख घेतली न्हाई, का तर वळख पटंना. आता मी हे कुनाचं अंग घेऊ? मी वर जाते. तुमी झेंडावंदन करा."

त्या वळल्या. वर गेल्या असत्या तर सगळं संपलं असतं. बर्फाखाली ते खरं वाक्य छापलेलं राहिलं असतं आणि कुणी वाचलं नसतं. मी वॉचमनच्या केबिनमधून कटर आणला आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर चढलो.

"अहो, काय करताय, राव?" अध्यक्ष म्हणाले.

"मजकूर बरोबर आहे. तेवढा ठेवतो."

"दहा फुटांची पट्टी लावणार? पाहुणे येतायत! हसतील लोक!"

"हसू देत."

मी वरचा भाग कापला, डोंगर, विमानं, टोपी, पदकं. चेहराही त्यातच गेला. तो वेगळा काढता येईना. मग खालचा, समितीच्या फोटोंचा भाग कापला. नऊ फोटो होते, माझा शेवटून दुसरा. उरली ती दीड फूट उंचीची पांढरी पट्टी. समितीतला तो तरुण सभासद आला आणि त्याने दुसरं टोक धरलं. आम्ही ती भिंतीवर बांधली. अध्यक्षांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा पट्टीकडे, आणि कापलेले तुकडे गुंडाळून स्वतःच जिन्याखाली नेऊन ठेवले. हे मी त्यांच्या नावावर मांडतो.

मावशी लिफ्टजवळ थांबल्या होत्या. त्या परत आल्या.

झेंडावंदन झालं, उद्देशिका झाली. पुढारी आलेच नव्हते, म्हणून अध्यक्षांनीच शाल-श्रीफळ दिलं आणि माइकवर म्हणाले, "दोन शब्द बोलता का, मावशी?" त्या नको म्हणतील असं त्यांना वाटलं असावं. मावशींनी माइक दोन्ही हातांनी धरला, तांब्या धरावा तसा.

"आमचं मालक श्रीलंकेत गेलं," त्या म्हणाल्या. "सरकारनं धाडलं म्हनून गेलं. जमिनीत पुरलेला बॉम्ब फुटला, त्याच्यात गेलं. पळून गेलं न्हवतं. दुसरं घर केलं न्हवतं. झालं."

माइक त्यांनी परत दिला.

दीडशे माणसं असतील. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. अध्यक्षांनी एक मिनिट मौन जाहीर केलं. माझ्या घड्याळात ते बत्तीस सेकंदांचं झालं. मग घोषणा झाली आणि लोक सुटल्यासारखे मोठ्याने ओरडले.

नंतर जिलेबी आणि चहाच्या टेबलाशी बी विंगमधले एक तमिळ गृहस्थ माझ्याजवळ आले. ते चाकणलाच एका मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहेत, पंधरा वर्षं इकडे राहतायत, मराठी चांगलं बोलतात. आमचं बोलणं एरवी टँकर आणि लिफ्टपुरतं. प्लेट हातात धरून ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या आईचे नातेवाईक तिकडे आहेत. जाफन्याला."

"अच्छा."

"मी लहान होतो. ते सैन्य परत आलं तेव्हा आमच्या घरातलं कुणी त्यांच्या स्वागताला गेलं नाही. आमच्याकडे राग होता. आई त्यांच्याबद्दल फार वाईट बोलायची. अजून बोलते." त्यांनी जिलेबीकडे पाहिलं. ती तशीच होती. "मावशींना भेटायचंय. पण हे सांगायचं की नाही? न सांगता नमस्कार केला तर तो खोटा वाटेल मला."

मला हे ठरवता येईना. त्या दिवसापुरतं खरं पुरेसं झालं होतं असं एक मन म्हणत होतं. पण मावशींनी खरं मागितलं होतं, आणि किती खरं याचं माप त्यांनी मला दिलं नव्हतं. मी म्हणालो, "चला, मी येतो बरोबर."

मावशी त्यांच्या नेहमीच्या बाकावर बसल्या होत्या, शाल घडी करून मांडीवर. मी ओळख करून दिली. त्या गृहस्थांनी खाली वाकून नमस्कार केला आणि मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आईचं सुद्धा. मी मावशींच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो.

"बसा की," मावशी म्हणाल्या. "उबे का?"

ते बसले.

"त्यांचं एक पत्र हाय," मावशी सांगू लागल्या. "शेवटचं. माज्या पोरानं वाचून दावलंय मला कितींदा. पहिल्यांदा गेलं तवा तिथल्या बाया नारळ फोडून पानी द्यायच्या, हार घालायच्या. आनि मंग लिवलंय, आता आमाला बघून दारं लावून घेत्यात. ल्हान पोरं रडत्यात. लिवलंय, आमी त्यांच्या घरात शिरतो, झडती घेतो, मला बरं वाटत न्हाई." त्यांनी मांडीवरच्या शालीची घडी सारखी केली. "हे मी कुनाला सांगितलं न्हाई. सत्काराच्या मान्साचं असं कसं सांगायचं?"

"मावशी, आई म्हणते, त्यांनीही दार लावून घेतलं होतं," ते गृहस्थ म्हणाले. "म्हणजे तिच्या मामांनी."

"लावायाच पायजे. पोरंबाळं घरात असत्यात." मग त्यांनी विचारलं, "तुमच्यातलीबी मान्सं गेली असतील की वो?"

"हो, मावशी."

"साधी? लढनारी न्हवं, घरातली?"

"घरातली पण."

"किती?"

त्यांनी मान हलवली, ठाऊक नव्हतं. मावशी माझ्याकडे वळल्या. आमच्या सोसायटीत आकडा लागला की लोक माझ्याकडेच वळतात. आपल्या बाजूचा आकडा मला पाठ होता, हजाराच्या वर. पंधरा दिवसांपूर्वी मी तो शोधून, दोन ठिकाणी ताडून कागदावर लिहिला होता. अंतरं मोजली होती, पदकं मोजली होती, मौनाचे सेकंद मोजले होते. त्या दुसऱ्या आकड्याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी बघितलं नाही."

"ऱ्हाऊ द्या मंग," मावशी म्हणाल्या, आणि नातीला हाक मारून तीन चहा आणायला सांगितले.

दुपारी घरी येऊन मी शोधलं. तीन ठिकाणी तीन आकडे मिळाले, एकमेकांपासून बरेच लांब, आणि प्रत्येक आकडा सांगणाऱ्याने दुसऱ्याला खोटं ठरवलं होतं. तिन्ही मी एका कागदावर लिहून ठेवले आहेत. असं साधन कंपनीत आलं असतं तर मी त्याला नापासाची लाल पट्टी लावून बाजूला ठेवलं असतं. मावशी अजून रोज बाकावर बसतात आणि जेवलात का विचारतात. त्या आकड्याचं त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही, आणि विचारलं तर यातला कोणता सांगायचा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.